अकरा महिने वजा तीन दिवस

देवानंद भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता. लोकांची वावरं मोजायची, कुणाचा धुरा, म्हणजे बांध, कुठं संपतो ते सांगायचं आणि संध्याकाळी दोन्हीकडच्या शिव्या खाऊन घरी यायचं, असा त्याचा धंदा. त्यानं एकदा मोजलं की बोटभर इकडंतिकडं होत नाही अशी त्याची ख्याती होती. निदान तो स्वतः तरी ती रोज कुणाला ना कुणाला सांगत असे. कुणाचं काय आणि कुठवर, हे ज्याला झोपेतही कळतं असा हा माणूस दोन डबे ओळखताना चुकला, आणि चुकला तोही असा, की दोन घरचे देव इकडचे तिकडे झाले. पण आधी घराचं सांगायला हवं. घर नसतं तर डब्यांची गाठही पडली नसती.

लग्नाला दोन वर्षं होत आली तरी देवानंद आणि आचल अमरावतीत बायपासजवळच्या एका टिनाच्या खोलीत राहत होते. वऱ्हाडातला वैशाख टिनाखाली काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढला त्यालाच ठाऊक; कूलरसुद्धा गरम वारा फेकायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात आचलनं सांगून टाकलं, की पुढचा उन्हाळा ती या खोलीत काढणार नाही. ती उगीच बोलणाऱ्यांतली नव्हती, म्हणून शोध सुरू झाला. जिथं जावं तिथं शिकवणी वर्गांची पोरं आधीच शिरलेली, एकेका खोलीत चार-चार पलंग. घरमालकांना नवरा-बायकोपेक्षा चार पलंग परवडतात. एकानं विचारलं, पाहुणे फार येतात का. देवानंदनं खरं ते सांगितलं, की त्याच्या गावाहून, हिवरखेडहून, दवाखान्यासाठी येतात, परीक्षेसाठी येतात, अंबादेवीच्या दर्शनाला येतात, आणि काहीच काम नसलं तर खुशाली विचारायला येतात. त्या मालकानं चहाही विचारला नाही. अशी अकरा घरं झाली.

बारावं घर परकोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आत बुधवाऱ्यात होतं. खाली घरमालक, वरचा मजला भाड्यानं. बाहेरून सगळं जुनं: काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, गल्लीकडं झुकलेला सज्जा. पण जिना चढून वर गेलं की माणूस दारातच थबकायचा. मालकांच्या मुलानं, शेखरनं, हैदराबादेहून पैसे पाठवून आणि नागपूरचा आर्किटेक्ट लावून अख्खा मजला नव्यानं करून घेतला होता, आणि करताना जुन्याला कुठं धक्का लावला नव्हता. दोन हात जाडीच्या भिंती तशाच, त्यांना पांढऱ्याधोप चुन्याचा हात. तुळया घासून तेल पाजलेल्या. पायाखाली नव्या फरश्या, स्वयंपाकघरात हलकेच ढकलले की आपोआप बंद होणारे खण, न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ. कोनाड्यांमध्येसुद्धा छोटे दिवे बसवले होते. मे महिन्याची दुपार होती, बाहेर गल्ली भाजून निघत होती आणि इथं नुसत्या पंख्याखाली बसवत होतं. आचल सज्ज्याच्या खिडकीत बसली ती उठेना. तिथून परकोटाच्या भिंतीचा तुकडा दिसत होता आणि गांधी चौकाजवळची तिची पॅथॉलॉजी लॅब इथून पायी दहा मिनिटांवर होती. भाडं विचारायच्या आधीच तिनं नवऱ्याला सांगितलं, की ती इथून आता हलत नाही.

भाडं विचारलं तर तेही आवाक्यातलं निघालं, आणि तिथंच देवानंदच्या मनात पाल चुकचुकली. एवढं देखणं घर रिकामं पडलं होतं काहून?

उत्तर पुढच्या खोलीत होतं. तिथल्या प्रत्येक वस्तूला चाकं होती. सोफ्याला चाकं, टीव्हीच्या कपाटाला चाकं, कोपऱ्यातल्या कुंडीखालीसुद्धा चाकांची पाटी. आणि पूर्वेची लांबलचक भिंत अगदी कोरी, खिळासुद्धा नाही. शेखरला तिथं टीव्ही हवा होता आणि आर्किटेक्टला तिथं काहीतरी कलात्मक हवं होतं. त्याच्या आईनं, वच्छलाबाईंनी, दोघांनाही सांगितलं होतं की ही भिंत आधीच दिलेली आहे.

ती दिलेली होती महालक्ष्म्यांना. भाद्रपदात तीन दिवस ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी माहेरी यायच्या त्या याच भिंतीपाशी, वच्छलाबाई या घरात नवरी होऊन आल्या त्याच्याही आधीपासून. तेव्हा करारात अट होती: भाद्रपदातले तीन दिवस पुढची खोली रिकामी करून द्यावी. एका बँकेच्या साहेबानं विचारलं, की त्या तीन दिवसांचं भाडं वजा होईल का. त्याला त्यांनी जिन्यापर्यंत पोचवलं. दुसऱ्यानं सुचवलं, की देवींना खालच्या मजल्यावर बसवलं तर काय बिघडेल. त्याला जिन्यापर्यंतही पोचवलं नाही.

वच्छलाबाई पासष्टीच्या, उंच, ताठ आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांचे यजमान पंजाबराव एसटीतून निवृत्त झाले होते आणि त्याहूनही मोजकं बोलायचे. वच्छलाबाईंनी देवानंदला पगार विचारला नाही, पाहुण्यांचं विचारलं नाही, फक्त एक प्रश्न विचारला.

"तुमच्या घरी महालक्ष्म्या बसतात काय?"

"बसतात ना, काकू. हिवरखेडले. आमी तीनही दिवस गावातच राहतो. तुमाले सारं घर मोकळं."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या. अकरा महिन्यांचा करार झाला. दाखवतील तिथं पंजाबरावांनी सही केली. देवानंद म्हणाला, म्हणजे अकरा महिने वजा तीन दिवस, आणि पंजाबराव मोठ्यानं हसले. ते हसलेले पाहून वच्छलाबाईंनाही नवल वाटलं.

किल्ली हातात देताना त्यांनी एक तोंडी अट घातली. स्वयंपाकघरातल्या माळ्यावर एक डबा आहे, त्याला हात लावायचा नाही. डबा साधाच, पंधरा किलो तेलाचा. आता वऱ्हाडात तेल संपलं की डब्याचं काम संपत नाही, उलट तिथून त्याचा खरा संसार सुरू होतो. झाकण बसवलं की त्यात ज्वारीचं पीठ राहतं, कुरडया राहतात, लग्नातल्या साड्या राहतात आणि बऱ्याच घरांत देवही राहतात. वच्छलाबाईंच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे लाल फडक्यात गुंडाळून त्या डब्यात होते. ते माळ्यावरून वर्षातून एकदा उतरायचे, आणि आवाहनाच्या मुहूर्ताआधी झाकण उघडायचं नाही असा दंडक होता. देवानंदला त्यात नवीन काहीच नव्हतं. त्याच्या आईचाही हाच दंडक होता, आणि डबाही असाच.

पुढचे तीन महिने सुखाचे गेले. आचल रोज संध्याकाळी खिडकीत बसून गवारीच्या शेंगा नाहीतर मेथी निवडायची आणि गल्लीतल्या बायका खालून तिच्याशी बोलायच्या. हिवरखेडहून पाहुणे आले, राहिले, गेले, आणि खालून कुणी हूं का चूं केलं नाही. उलट वच्छलाबाई पाहुण्यांसाठी ताक पाठवायच्या. तरी त्यांची जरब होती ती होतीच. जिन्यावर चप्पल वाजली की देवानंद उगीचच सावरून बसायचा. इतकं चांगलं घर आपल्या हातून एखाद्या मूर्खपणानं जाईल, ही धास्ती त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होती, आणि माणूस ज्याला भितो ते बहुधा स्वतःच्या हातानंच करतो.

श्रावणात त्याच्या आईचा, तानुबाईंचा, निरोप आला. घरचे मुखवटे काळवंडले आहेत, उजाळ्यापुरतं झाकण उघड आणि अमरावतीच्या कासाराकडून उजाळा देऊन आण. देवानंदनं गावाहून डबा आणला आणि मुखवटे कासाराकडं टाकले. सण दोन दिवसांवर आला तेव्हा कासारानं ते लख्ख करून दिले. देवानंदनं ते लाल फडक्यात बांधले, डब्यात ठेवले, झाकण लावलं. मग आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी, पंजाबरावांचा खांदा दुखत होता म्हणून, वच्छलाबाईंनी त्यालाच अंघोळ करून माळ्यावर चढायला सांगितलं. त्यानं त्यांचाही डबा उतरवला. सोफा आणि टीव्ही ढकलत आतल्या खोलीत नेले, फरशी पुसली, आणि दोन्ही डबे स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींचा पिवळा रंग उडालेला, दोन्हींची झाकणं घट्ट.

आचल दिवसभर लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी बाई. तिनं दोन्ही डबे आलटून पालटून पाहिले.

"अवो, नाव टाकून ठेवा न यायच्यावर. आमच्याइथं बिननावाची बाटली आली तं आमी फेकून देतो."

देवानंद म्हणाला, की आठ-आठ एकरांचे तुकडे तो नुसत्या नजरेनं वेगळे सांगतो, आणि स्वतःच्या घरचा डबा त्याला ओळखू येणार नाही काय? आचलनं पेन शोधून पाहिलं, पण तेही घरात सापडलं नाही.

पहाटे सहाची अकोट गाडी पकडायची होती. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, आचल जिन्यावरून हाका मारत होती, आणि देवानंदच्या एका हातात पिशव्या होत्या. दुसऱ्या हातानं त्यानं डबा उचलला. कोणता उचलला ते पाहायला तो थांबला नाही, कारण आपल्याला ते पाहायची गरज नाही याबद्दल त्याची खात्री होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अकोटला गाडी बदलून दोघं अकराच्या सुमारास हिवरखेडला पोचले. सबंध रस्ता डबा आचलच्या मांडीवर होता.

घरी सणाची धामधूम होती. देवानंदच्या घरचा पिढीजात धंदा भाजीपाल्याचा, तेव्हा महालक्ष्मीच्या सोळा भाज्यांसाठी त्यांना बाजार करावा लागत नसे. वडील चंद्रभान सकाळपासून मळ्यातून एकेक भाजी आणून मोजत होते. अंगणापासून देवघरापर्यंत हळदी-कुंकवाची पावलं काढली होती. मुहूर्त दुपारी दोनचा. शेजारच्या चार बायका थाळ्या घेऊन वाजवायला आल्या. तानुबाईंनी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झाकण काढलं, फडकं सोडलं आणि तशाच खाली बसल्या.

"देवानंदा," त्या म्हणाल्या, "ह्या कोनाच्या पोरी आनल्या तू?"

देवानंदनं वाकून पाहिलं. त्याच्या घरच्या लक्ष्म्या गोल चेहऱ्याच्या, छोट्या कपाळाच्या. या दोघी लांबट, मोठ्या डोळ्यांच्या, आणि मोठीच्या नाकात खड्याची चमकी. भर दुपारी, सगळ्या अंगणासमोर, भूकरमापक देवानंदची हद्द चुकली होती. आचलनं नवऱ्याकडं एकदाच पाहिलं.

त्याच्या डोळ्यांसमोर बुधवाऱ्यातली पुढची खोली आली. वच्छलाबाई नव्या साडीत त्या कोऱ्या भिंतीपाशी उभ्या असतील. त्याही याच मुहूर्ताला झाकण उघडत असतील. चाळीस-बेचाळीस वर्षं ज्या दोन चेहऱ्यांची त्या वाट पाहत आल्या, त्यांच्या जागी दुसरेच दोन. घर गेलं, हे त्याला लख्ख दिसलं. घराहून वाईट म्हणजे त्या बाईचा वर्षाचा सण गेला, आणि तो आपण घालवला. त्यानं फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही.

मग त्यानं मोठ्या भावाला, अमोलला, मोटरसायकलची किल्ली मागितली. आत्ता निघालं तर सूर्य मावळायच्या आत अमरावती गाठता येईल असा त्याचा हिशेब होता. डबा उचलायला तो वाकला तर तानुबाईंनी डब्यावर हात ठेवलेला.

"कुठं चालला घेऊन? दारात आलेल्या माहेरवाशिनीले पानी बी न देता मांगं फिरवतं काय कोनी?"

तो म्हणाला, माय, त्या आपल्या नाहीत. तानुबाई म्हणाल्या, मग तर आणखीच नाही फिरवता येत. आपल्या असत्या तर रागावल्या तरी समजूत काढता आली असती. दुसऱ्याच्या लेकी उपाशी गेल्या तर सगळ्या गावाचं नाक कापलं जाईल. थाळ्या घेऊन आलेल्या बायकांना ते पटलं. देवानंदला पटलं की नाही हे कुणी विचारलं नाही. डब्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मुहूर्त सरत चाललेला.

तेवढ्यात फोन वाजला. वच्छलाबाईंचा होता. देवानंदनं स्पीकर लावला, आणि बायका थाळ्या खाली ठेवून जवळ सरकल्या.

"देवानंद," वच्छलाबाईंचा आवाज अगदी सपाट होता, "तुह्या डब्यात कोन हाये?"

"तुमच्या हायेत, काकू."

"आन इथं तुमच्या हायेत."

देवानंदनं कसंबसं सांगितलं, की तो आत्ता निघतो, साडेपाच-सहापर्यंत पोचतो, चूक त्याची आहे, सारी त्याचीच आहे, घराबद्दल काय ते नंतर ठरवा पण आज त्याला येऊ द्या. तानुबाईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"बाई, मी देवानंदची माय बोलून राह्यली. तुमच्या दोघी माह्या उंबऱ्यापाशी बसल्या हायेत. उनातानात एवढ्या दूर आल्या. त्याईले तशाच मांगं धाडू काय? तुमी सांगान तसं करतो आमी."

देवानंदनं डोळे मिटले. पलीकडून वच्छलाबाई हळू आवाजात बोलल्या.

"मोठीच्या नाकातली चमकी सुटते. मेनानं बसवा. आन धाकटीले डाव्या अंगाले ठेवा, नाही तं थे मोठीच्या आड लपते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या काय खातात?"

तानुबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. आमच्या दोघींना अंबाडीची भाजी लागते. त्याशिवाय पानाला हात लावत नाहीत. आंबील पातळ हवी, पुरण जरा जायफळ घालून. वच्छलाबाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडच्या आंबिलीत चारोळी पडते आणि कढीला मोठी फार जपते, कढी फुटली तर वर्षभर मनात ठेवते. दोघींनी आवाजाची पट्टी अशी लावली की जणू सासरी गेलेल्या लेकींच्या खोड्या सांगत आहेत. मध्येच वच्छलाबाई पंजाबरावांवर ओरडल्याचं ऐकू आलं, अवो, लिवायले कागद द्या कोनता बी, लवकर द्या. सोळा भाज्या एकेक करून सांगून झाल्या. फोन संपला तेव्हा मुहूर्ताची दहा मिनिटं उरली होती, आणि देवानंदच्या घराचा विषय कुणी काढलाच नव्हता. फक्त शेवटी वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "त्याले म्हना वापस आला की मले भेट. त्याच्याशी बोलनं हाये."

आचलनं दोन्ही मुखवटे सुपात घेतले आणि हळदी-कुंकवाच्या पावलांवरून आत चालू लागली. थाळ्या वाजल्या. रीतीप्रमाणं तानुबाईंनी आतून विचारलं, "कोन आलं?"

"महालक्ष्म्या आल्या," आचल म्हणाली, आणि वर तिनं जोडलं, "बुधवाऱ्याच्या."

"कशाच्या पावलानं आल्या?"

आचलनं 'सोन्याच्या' म्हणायच्या आधीच कोपऱ्यातून चंद्रभान पुटपुटले, "एसटीच्या पावलानं." बायका हसल्या, तानुबाई डोळे वटारता वटारता हसल्या, आणि पाहुण्या आत आल्या. वच्छलाबाईंच्या मुखवट्यांची मान रुंद होती, ती हिवरखेडच्या सांगाड्यावर बसेना. अमोलनं कापडाचा वेढा दिला तेव्हा कुठं जमलं. चमकी मेणानं बसवली. धाकटीला डावीकडं उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं पान वाढलं तेव्हा तानुबाईंनी आंबिलीत आठवणीनं चारोळी टाकली, आणि कढी तर त्यांनी स्वतः शेवटपर्यंत ढवळली. देवानंद मात्र सगळा सण तोंड पाडून फिरत होता. पुरणपोळी त्यानं पानात तशीच ठेवली. 'त्याच्याशी बोलनं हाये' एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात होतं. आचलनं सांगून पाहिलं, की जी बाई चमकीला मेण लावा म्हणते ती घराबाहेर काढत नसते. पण तिनंही रात्री झोपताना हळूच विचारलं, की बायपासची ती खोली अजून रिकामी असेल काय.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता पडल्या, पुढच्या साली या म्हणून सांगून झालं. मुखवटे पुन्हा लाल फडक्यात गेले. दोघं चौथ्या दिवशी सकाळी निघाले. या खेपेला डबा देवानंदनं स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अमरावती येईपर्यंत झाकणावरचा हात काढला नाही. अकोटच्या स्टँडवर उतरून त्यानं एक काळा मार्कर विकत घेतला. दहा वेळा हात कापलेल्या माणसानं मग म्यान घ्यावं तशातला प्रकार, असं आचलचं म्हणणं पडलं.

वच्छलाबाई वर पुढच्या खोलीतच होत्या. सोफा अजून आतच होता. कोऱ्या भिंतीपाशी रांगोळी तशीच होती, तीही मोठी, दारापर्यंत आलेली, आणि वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा अजून उतरवलेला नव्हता. खाली चौरंगावर हिवरखेडचा डबा. पंजाबराव खिडकीत बसले होते. आणि वच्छलाबाईंच्या हातात कागद होता. देवानंदनं तो दारातूनच ओळखला. शंभराच्या मुद्रांकावरचा, खाली स्वतःची सही असलेला, घराचा करारनामा.

त्यानं डबा चौरंगावर ठेवला आणि हात जोडले. म्हणाला, की काकू, चूक माझी, तुम्ही म्हणाल त्या तारखेला घर सोडतो, फक्त दुसरं मिळेपर्यंत थोडी सवड द्या. वच्छलाबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग त्या आपलं सांगू लागल्या.

झाकण उघडलं तर दोन अनोळखी चेहरे. वाटलं, आपल्या रुसून निघून गेल्या. चार वर्षं शेखर सणाला आला नाही, घरात दोन म्हातारी माणसं, कोण येईल अशा घरी? पाच मिनिटं त्या इथंच फरशीवर बसून होत्या, फोन खाली वाजत होता तरी उठल्या नाहीत. मग त्यांनी त्या दोघींकडं नीट पाहिलं. लख्ख घासलेल्या, गोल चेहऱ्याच्या, नव्या जागी आल्यामुळं जरा बावरलेल्या.

"किती सालानं घरात नवं कोनी आलं," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ सपाट राहिलेला आवाज इथं हलला. "मी त्याईले म्हनलं, या मायबाई. अंबाडी कुठं भेटते ते मी पाहतो."

अंबाडीसाठी पंजाबराव दुखऱ्या खांद्यानं भाजीबाजारात तीन चकरा मारून आले होते. गल्लीतल्या सगळ्या बायका हिवरखेडच्या लक्ष्म्या पाहायला येऊन गेल्या होत्या, इतक्या की दोनदा चहा कमी पडला. शेखरला फोनवर फोटो गेले, आणि पुढच्या साली तो येणार होता, कारण त्याला हा घोळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

देवानंद ऐकत होता, पण त्याची नजर कागदावरून हटत नव्हती. शेवटी त्यानं विचारलंच, की काकू, करार काढून ठेवला तो कशासाठी.

वच्छलाबाईंनी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर वाकड्यातिकड्या घाईच्या अक्षरात सोळा भाज्या एकाखाली एक लिहिल्या होत्या. अंबाडी सर्वांत वर, तिच्याखाली दोन रेघा. शेजारी 'आंबील पातळ', 'जायफळ', आणि कोपऱ्यात तानुबाईंचा फोन नंबर.

"मी कागद मांगितला तं यायनं हाच आनून देल्ला," त्या पंजाबरावांकडं पाहत म्हणाल्या. "तुह्या मायची यादी हाये याच्यावर. आता हा काई मले फाडता येनार नाही. अकरा महिने झाले की दुसरा करू, पन हा राहीन."

देवानंद मटकन खाली बसला. सोफा आत असल्यामुळं फरशीवरच बसला. आचल आधी हसली आणि मग रडली, आणि पंजाबरावांनी खिडकी सोडून तिला बसायला जागा दिली. वच्छलाबाईंनी तिच्या हातात पुरणपोळीची ताटली ठेवली आणि दुसरी देवानंदसमोर सरकवली. तीन दिवसांत पहिला घास त्याला त्या वेळी गोड लागला.

खाऊन हात धुतल्यावर त्यानं दोन्ही डब्यांची झाकणं उघडून आतले चेहरे पाहिले. एकात चमकीवाली जोडी, एकात गोल चेहऱ्यांची. खात्री करून झाकणं लावली, डबे शेजारी शेजारी ठेवले, खिशातून मार्कर काढला आणि टोपण उघडलं.

"काय करून राह्यला?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नावं टाकतो, काकू. मंग अशी चूक नाही होनार."

त्यांनी त्याच्या हातातून मार्कर घेतला, टोपण लावलं आणि तो स्वतःच्या कमरेला खोचला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नाव टाकलं तं पुढच्या साली चूक कशी होईन?"